बिनटेंडरचा मुरूम

मराठीत मुरूम दोन प्रकारचा. एक रस्त्यावर पडतो, दुसरा चेहऱ्यावर येतो. रस्त्यावरच्या मुरमाला अंदाजपत्रक लागतं, टेंडर लागतं, मोजमाप लागतं, उद्घाटनाला नारळ लागतो. आणि एवढं सगळं होऊनही पहिल्या पावसात तो वाहून जातो. चेहऱ्यावरच्या मुरमाला यांपैकी काहीच लागत नाही. तो कुणाच्याही मंजुरीशिवाय रातोरात येतो आणि कितीही पावसाळे गेले तरी जागचा हलत नाही. आमच्या आर्णीत दोन्ही प्रकारचा माल मुबलक आहे. पहिला माझ्या अखत्यारीतला विषय नाही.

दोन्हींत साम्य एकच. दोन्ही सार्वजनिक असतात. माणसाचं नाक नकटं असलं, कान मोठे असले, तर लोक निदान त्याची पाठ वळेपर्यंत तरी गप्प बसतात. मुरमाला ही सवलत नाही. मुरूम दिसला की त्यावर बोलायचं आणि बोलून झालं की उपाय सांगायचा, हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. घटनेत तो लिहायचा राहून गेला, एवढंच.

त्यातून मी बसते एका पतसंस्थेच्या काउंटरवर. काउंटर म्हणजे तरी काय, तर मधोमध भोक पाडलेली एक काच. त्या भोकातून पलीकडच्याला माझा चेहरा दिसतो, आणि तोही फोटो फ्रेम केल्यासारखा, नेमका हनुवटीवर मध्य धरून. माझे पैसे मोजून होईपर्यंत समोरच्याला दुसरं बघायला काही नसतं. वय सोळा असतं तर लोक कौतुकानं 'तारुण्यपीटिका' म्हणाले असते. अठ्ठाविसाव्या वर्षी मात्र "काय झालं व तुह्या तोंडाले?" असंच विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता औषध सांगतात.

आजवर या काचेतून मला मिळालेली औषधं अशी : हळद-चंदन, मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, दुधात उगाळलेलं जायफळ, कोरफड, टूथपेस्ट आणि एका सद्गृहस्थांच्या मते पहाटेची शिळी थुंकी. दर आठवड्याला खातं भरायला येणारे एक कास्तकार काका म्हणाले, "अरुणावतीच्या काठची कायी माती लावून पाय. कापसाले मानवते, तं तुह्या तोंडाले काहून नाही मानवणार?" काळ्या मातीच्या बाजूनं इतका बिनतोड युक्तिवाद कृषी विद्यापीठानंही कधी केला नसेल.

निदानाच्या बाबतीत मात्र गावात एकमत होतं. उष्णता! आर्णीत मे महिन्यात पारा पंचेचाळिसाशी खेळत असतो. अशा गावात एखादीला 'तुझ्या अंगात उष्णता आहे' असं सांगणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला 'तू ओला झालास हो' असं सांगण्यासारखं आहे. तरी मी सब्जा प्याले, गुलकंद खाल्ला. गुलकंद उत्तम होता. मुरूमही उत्तम होते.

दुसरं मत अल्पमतात असलं तरी जोरकस होतं : "लग्न झालं का जातीन सारे." म्हणजे वरपक्ष वरातीत बँडबाजाबरोबर मलमाची ट्यूब घेऊन येतो, अशी काहीतरी समजूत असावी. गंमत म्हणजे हेच लोक बायोडेटाला लावायच्या फोटोवर म्हणायचे, "असा फोटो पाठवला तं लग्न कसं होईन?" लग्न झाल्याशिवाय मुरूम जाणार नाहीत आणि मुरूम गेल्याशिवाय लग्न होणार नाही, असा हा पेच होता.

एका मामींनी एक ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत गोरी, पंधरा दिवसांत नितळ. ट्यूबवरची बारीक अक्षरं मी वाचली; कर्जाची कागदपत्रं हाताळून हीच एक सवय लागते. आत स्टेरॉइड होतं. असल्या मलमानं चेहरा आठ दिवस खरंच उजळतो, मग कातडी पातळ पडते, लाल होते. आणि मलम थांबवलं की मुरूम व्याजासकट परत येतात. २०१८ मध्ये सरकारनं असली स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवाचून विकायला बंदी केली, ती उगाच नव्हे. मी ट्यूब मामींना परत केली. मामी अजून माझ्याशी तुटक बोलतात.

बाकी विदर्भातल्या मुलींना देवानं एक सोय दिली आहे. ती म्हणजे ऊन. उन्हाच्या नावाखाली आम्ही डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळून गाडी चालवतो आणि कुणी काही म्हणत नाही. मी तर ढग आले तरी ओढणी सोडत नसे. पण काउंटरवर ओढणी गुंडाळून बसलं तर पतसंस्थेवर दरोडा पडल्यासारखं दिसतं, म्हणून तिथे नाइलाज होता.

मुरूम ही काही आजची तक्रार नाही. सुश्रुतांनी त्याला 'मुखदूषिका' असं नाव देऊन ठेवलंय आणि उपमा दिली आहे शाल्मलीच्या काट्यांची. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. आमच्याकडच्या रानात ती पुष्कळ आहे. ऐन फाल्गुनात, एक पान अंगावर नसताना, लालभडक फुलांनी पेटल्यासारखी उभी असते. एवढ्या देखण्या झाडाकडे बघून आचार्यांना आठवले ते काटे! पण उपमा चूक नाही. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरून हात फिरवा, आणि मग माझ्या हनुवटीवरून. दोन्हीकडे हात मागे घ्याल.

हनुवटी म्हणाले, कारण सगळी मेख तिथेच होती. माझं कपाळ स्वच्छ होतं. नाक निर्दोष होतं. मुरमांची वस्ती हनुवटी आणि जबड्याच्या कडेकडेनं. गावात कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. गेलं ते माझ्या मावसबहिणीचं. ती नागपूरला परिचारिका आहे. एका लग्नाच्या पंगतीत ती माझ्या समोर बसली होती. वांग्याची भाजी वाढली जात होती. तिनं माझ्या जबड्याकडे एकदा पाहिलं, हनुवटीखालच्या दोन जाडसर केसांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "ताई, तुझी पाळी वेळेवर येते का?"

वाढणाऱ्याचा हात हवेत राहिला. डावीकडच्या काकू ताटातल्या मिठाचं निरीक्षण करू लागल्या. गेली चार वर्षं ज्या पंगतींत माझ्या चेहऱ्यावर ठरावामागून ठराव पास होत होते, तिथे पहिल्यांदा शांतता पसरली. आई म्हणाली, "अगं, जेव ना आधी!"

आता इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वीच्या बायका 'कावळा शिवला' म्हणत. आमच्या घरात 'अडचण आहे' म्हणतात. तर, माझ्याकडे हा कावळा तीन-तीन, चार-चार महिने फिरकतच नसे. तुम्ही म्हणाल, मग घरच्यांना काळजी वाटली असेल. मुळीच नाही! घरच्यांना अभिमान होता. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, सोवळ्यातला स्वयंपाक असतो, आंबील असते, सोळा भाज्या असतात. आणि ऐन वेळी कुणाची ना कुणाची अडचण उपटते. माझी कधीच नाही. "आमच्या पोरीची महालक्ष्म्यांत कधी अडचण नाही येत," असं आई चारचौघींत सांगायची. त्या लौकिकावर शेजारची दोन घरं मला पुरणाला हक्कानं न्यायची. बाकीच्या बायका सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. मी फुकटात पुढे ढकललेली होते. शरीर बंद पडत चाललं होतं आणि घरात त्याला सद्गुण म्हणत होते.

मावसबहीण जाताना आईला कोपऱ्यात घेऊन बोलली. आईचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून माझ्या मुरमांचं सार्वजनिक जीवन संपलं आणि खासगी जीवन सुरू झालं.

पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही संध्याकाळी, अंधार पडल्यावर गेलो. त्यांनी विचारलं, "लग्न झालं?" म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग करून टाका. सगळं लाइनीवर येईल." चिठ्ठीवर 'नवरा : एक, जेवणानंतर' असं लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मग यवतमाळच्या डॉक्टरीणबाई. आर्णीहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. आणि २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यामुळे निदान आजारपणाचा प्रवासखर्च तरी अर्ध्यावर आला आहे. बाईंनी भरपूर प्रश्न विचारले. वजन कधी वाढलं, केस कुठे येतात, डोक्यावरचे गळतात का, घरात मधुमेह कुणाला आहे. मग एक यादी दिली : थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटी साखर, आणखी दोन-तीन इंग्रजी आद्याक्षरं. म्हणाल्या, "हा आजार थेट सापडत नाही. त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे आधी वगळावे लागतात." हे मला एकदम पटलं. आमच्याकडे तिजोरीची किल्ली हरवली की आम्हीही असंच शोधतो.

"रक्त कधी द्यायचं?"

"पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी."

"पण बाई, ती येत नाही म्हणून तर आम्ही आलो."

यावर बाई हसल्या आणि पाळी आणायच्या गोळ्या लिहून दिल्या. थोडक्यात, पाहुणी का येत नाही ते शोधायला आधी तिला आमंत्रण देऊन बोलवायचं, आणि ती आली की दुसऱ्या दिवशी तिचं बयाण नोंदवायचं.

सोनोग्राफीची तऱ्हा याहून वेगळी. अविवाहित मुलीची तपासणी पोटावरून करतात, त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं. "लिटरभर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका." सांगायला तीन सेकंद लागतात. मला वेळ दिली होती अकराची, नंबर लागला एकला. त्या बाकावर आम्ही सात-आठ जणी, सगळ्या काठोकाठ भरलेल्या, कुणी कुणाला हसवायचं नाही असा अलिखित करार करून बसलो होतो. समोर भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. हा कायदा देशभर १९९४ चा; पण महाराष्ट्रानं आपला स्वतःचा त्याआधीच, १९८८ मध्ये केला होता. चांगली गोष्ट आहे. पण त्या पाटीखाली आपली अविवाहित मुलगी बसलेली पाहून आईचा जीव अर्धा झाला होता. तेवढ्यात खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता मला विचारलं, "कितवा महिना?"

मी म्हटलं, "ऑक्टोबर."

आईनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या सात जणींनी करार मोडला, आणि त्यांतल्या दोघींना धावत उठावं लागलं.

आर्णीत नको, कुणी बघेल, म्हणून आम्ही यवतमाळ गाठलं होतं. बघते तर बाकाच्या टोकाला आमच्याच गल्लीतल्या काकू आणि त्यांची कॉलेजातली मुलगी! आई म्हणाली, "यांच्या गुडघ्यासाठी आलो होतो." यांच्या म्हणजे बाबांच्या, ते आर्णीला घरी होते. काकू म्हणाल्या, "आम्ही चष्म्याचा नंबर काढायला." स्त्रीरोगांच्या सोनोग्राफी केंद्रात एका बाजूला एक गैरहजर गुडघा आणि दुसऱ्या बाजूला एक चष्मा, असे आम्ही तासभर बसलो. ती मुलगी आणि मी एकमेकींच्या हनुवटीकडे मात्र पाहत होतो.

रिपोर्ट आला. दोन्ही बीजकोश थोराड, उजव्याचं आकारमान बारा मिलिलिटर. दहाच्या वर गेलं की नोंद घेतात. कडेनं बारीक बारीक बुडबुडे, पंचविसाच्या आसपास. टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस.

"पीसीओ?" बाबा म्हणाले. "ते तर बंद झाले ना मोबाइल आल्यावर?" टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन, हे कळल्यावर ते आणखी खूष झाले. "चला, या घरात मी एकटा पडलो होतो." आई म्हणाली, "हळू बोला, खिडकी उघडी आहे."

खरं तर हे हार्मोन प्रत्येक बाईत थोडं असतंच. ते वाढलं की चेहऱ्यावरच्या तेलाच्या ग्रंथी ओव्हरटाइम करू लागतात, रोमरंध्रं तुंबतात, आणि काटेसावर उगवते. शिवाय या आजारात बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग शरीर जास्त इन्सुलिन ओततं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनच्या चिथावणीनं बीजकोश ते पुरुषी हार्मोन आणखी बनवतात. म्हणजे मुरूम हनुवटीवर असला तरी त्याचं मुख्य कार्यालय पोटात आहे. इतकी वर्षं सगळं गाव शाखेवर मोर्चे काढत होतं.

आणि ते बुडबुडे? नाव पॉलिसिस्टिक, पण ते सिस्ट नव्हेतच, असं बाईंनी सांगितलं. मी माझ्यासाठी त्याचा अर्थ आर्णीच्या बसस्थानकावरून लावला. दर महिन्याला फलाटावर काही गाड्या लागतात. त्यांतली एक तयार होते, कंडक्टर घंटी मारतो, ती सुटते. बाकीच्या डेपोत परत जातात. माझ्याकडे गाड्याच गाड्या लागलेल्या, इंजिनं चालू, पण घंटी कुणालाच नाही. सोनोग्राफीवाले फक्त उभ्या गाड्या मोजतात. २०१२ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या एका मंडळानंही म्हटलं होतं की हे नाव दिशाभूल करणारं आहे, ते बदला. पण बारशापेक्षा नाव बदलणं नेहमीच अवघड. आमच्याकडे मयत खातेदाराच्या नावासाठी वारस सहा-सहा महिने खेटे घालतात.

रिपोर्ट हातात आल्यावर मी रात्री जागून वाचलं. घाबरले होते, म्हणून वाचलं. १७२१ मध्ये इटलीतल्या वॅलिस्नेरी नावाच्या वैद्यानं एका शेतकरी बाईची हकिगत लिहून ठेवली आहे : तरुण, विवाहित, अंगानं जराशी स्थूल, मूल नाही, आणि बीजकोश मोठे, पांढरट, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढे. त्यानंतरची मोठी नोंद शिकागोची. आपलं शिकागो १८९३ ला विवेकानंदांच्या भाषणाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. पण १९३५ मध्ये त्याच शहरातल्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात बायकांची हकिगत छापली. पाळी अनियमित, अंगावर केस, बीजकोश मोठे. त्यांनी बीजकोशाची एक पाचर कापून काढली, तर सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवसही गेले. कित्येक वर्षं या आजाराला त्या दोन डॉक्टरांचंच नाव होतं. त्या सात जणींची नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

पुढे २००३ मध्ये रॉटरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी नियम केला : अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, या तिघांपैकी कुठलेही दोन एकत्र आले की आजार सिद्ध. महाराष्ट्रातल्या माणसाला हे लगेच समजतं. तिघांपैकी कुठलेही दोन एकत्र आले की आमच्याकडे सरकार सिद्ध होतं. माझ्याकडे तर तिघेही एकत्र होते, म्हणजे स्पष्ट बहुमत.

बाईंनी उपाय सांगितले : चालणं, वजन आटोक्यात, साखर-मैदा कमी, ज्वारीची भाकर. आणि एक गोळी, महिन्याला एकवीस. गोळी लिहिण्याआधी त्यांनी रक्तदाब मोजला आणि विचारलं, "अर्धशिशी आहे? सिगारेट ओढता?" आईला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग बाईंनी गोळीचं नाव सांगितलं तेव्हा आईला वाटलं, आपलंच फिरलं. गर्भनिरोधक गोळी! ती पाळी नियमित करते, हार्मोनही काबूत आणते, म्हणून या आजारात ती पहिलं औषध आहे, हे बाईंनी दोनदा समजावून सांगितलं. आईच्या डोळ्यांसमोर मात्र एसटीच्या पाठीवरची लाल त्रिकोणाची जाहिरात नाचत होती. "ही गोळी आर्णीत घ्यायची नाही," एवढंच ती म्हणाली.

पण दर महिन्याला गोळीसाठी यवतमाळला कोण जाणार? दुसऱ्या महिन्यात मी आमच्याच गावातल्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराचं आमच्या पतसंस्थेत खातं आहे. त्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग पाकीट कागदात गुंडाळलं, कागद काळ्या पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत. बाहेर पडताना माझ्या हातात निदान अर्धा किलो गुप्तता होती. शेजारी एक गिऱ्हाईक उंदराचं विष उघड्यावर दर विचारून नेत होता.

तिसऱ्या महिन्यापासून मुरूम ओसरू लागले. बाईंनी सहा महिने सांगितले होते, आणि तेवढे लागलेच. आता गावाचा प्रश्न बदलला : "काय लावलं व?" इथे माझी पंचाईत झाली. 'मुलतानी माती' म्हटलं असतं तर सगळे सुखी झाले असते. घरून सूचनाही तशीच होती. दिग्रसहून एक स्थळ येऊ घातलं होतं, आणि आईचं म्हणणं, रोगाचं नाव निघालं की लोक पुढचं ऐकतच नाहीत. थेट 'मूल होणार का?' इथे जातात. वास्तविक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की या आजारात बहुतेकींना मुलं होतात, कुणाकुणाला औषधाची मदत लागते, एवढंच. पण 'मदत लागते' हे शब्द आर्णीहून दिग्रसला पोचेपर्यंत त्यांचं काय झालं असतं, ते मला माहीत होतं. मी एवढंच ठरवलं की स्थळाला पहिल्याच बैठकीत सांगायचं. आई दोन दिवस बोलली नाही. स्थळानं पंधरा दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असं कळवलं. ती आधी जुळली होती.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांत दहा ते तेरा जणींना हा आजार असतो, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नसतं. आकडा वाचला की तो मोजून बघायची माझी धंद्याची खोड. बचत गटाच्या बायका हप्ते भरायला आल्या की मी आता काचेतून हनुवट्या मोजते. रांगेत वीस बायका असल्या, तर दोन तरी असणारच. त्यांना कुणी काय सांगत असेल? काळी माती?

एका दुपारी, रांग नसताना, एक म्हातारी आली. महिन्यातून एकदा येते, पाचशे रुपये काढते. अंगठा उठवता उठवता म्हणाली, "तुहं तोंड साजरं दिसते आता. काय केलं व?" त्या दिवशी मी सगळं सांगितलं, नेहमीच्या आवाजात. पाळी म्हटलं. गोळी म्हटलं. मागे शिपायानं उगाचच पंखा वाढवला. बसस्थानकाचं उदाहरण तिला फार आवडलं. "आपल्या स्टँडवानीच झालं हे तं." मग मी तिला शिकागोही सांगितलं. १९३५, सात बायका.

ती जरा वेळ शाईच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "माही मोठी बहीण होती. अशेच फोडं. हनुवटीले केस येत, थे चिमट्यानं उपटे. सा-सा महिने पाळी नाही. मूल नाही झालं. मंग नवऱ्यानं दुसरी आणली, आन् हिले म्हणे, तू ढोरं पाय."

"कधीची गोष्ट?"

"इंदिरा गांधी गेली ना, त्याच्या आंधी चार वर्सं."

म्हणजे १९८०. पस्तीसमधून ऐंशी वजा करायची नसते, ऐंशीतून पस्तीस वजा करायचे असतात, पंचेचाळीस. सवयच आहे.

मी नोटा सरकवल्या. ती म्हणाली, "थ्या सात बाया म्हणतं तू, त्यायले त्यायच्या नवऱ्यायनं ठेवलं होतं का?"

तेवढ्यात बचत गटाच्या दोघी आत आल्या. म्हातारीनं नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली, आणि दाराशी जाऊन पुन्हा मागे फिरली. "गोयी चुकवू नोको," ती त्या दोघींच्या देखत, मोठ्यानं म्हणाली. "आन् थे कायी माती गिती लावू नोको."